हळू चालवूनही टाकी रिकामी का होते?

पत्र

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला, कमिंगला राहतो. लेक लनिअर घरापासून दहा मिनिटांवर. गेल्या वसंतात आम्ही एक वापरलेली जेट बोट घेतली. चोवीस फुटी, आत १.८ लिटरची दोन इंजिनं, प्रत्येकी साधारण १८० हॉर्सपॉवर, टाकी ५० गॅलनची. पाण्याचा आनंद आहेच, पण पेट्रोलचा खर्च पाहून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मरिनावर आम्हाला गॅलनला पाच डॉलर पडतात. या हंगामात आतापर्यंत ३८ तासांत २९० गॅलन गेलं.

माझे मिस्टर पुण्यात पंधरा वर्षं स्कूटर चालवत होते. त्यांचं म्हणणं, "हळू चालवलं की पेट्रोल वाचतं, यात काय कळायचंय?" म्हणून ते बोट ४,००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ताशी नऊ मैलांनी नेतात. नाक वर, शेपूट खाली, मागे ही मोठी लाट. मी चालवते तेव्हा सरळ ६,००० वर नेते. मग ते डॅशबोर्डवरचा आकडा दाखवतात, "बघ, ताशी बारा गॅलन! मी असतो तर साडेपाच." दर शनिवारी हा वाद. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत, त्या पुढे बसून दोघांचं ऐकतात.

मी अकाउंटंट आहे, वही ठेवली आहे. दोन्ही इंजिनं मिळून आकडे असे: २,००० आरपीएमला ताशी ५ मैल आणि १.८ गॅलन. ४,००० ला ९ मैल, ५.६ गॅलन. ५,००० ला १७ मैल, ८.८ गॅलन. ६,००० ला २९ मैल, १२ गॅलन. ७,००० ला ४० मैल, २० गॅलन. पूर्ण थ्रॉटल, म्हणजे ७,६०० ला ४७ मैल, २९ गॅलन.

आणखी एक. जुलैपासून ६,००० ला २९ ऐवजी जेमतेम २५ मैल मिळतात. पेट्रोल मात्र तेवढंच, बाराच गॅलन. शेजाऱ्यांची आउटबोर्डवाली, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाची आणि पाण्यातल्या पंख्याची, चोवीस फुटी बोट आमच्यापेक्षा बरंच कमी पिते. आमची विकून तसली घ्यावी का? आणि वरचं कापडी छत पसरून ठेवल्याने फरक पडतो का?

— हिशेबनीस, कमिंग, जॉर्जिया

उत्तर

हिशेबनीसबाई,

वहीबद्दल आधी शाबासकी. मला येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत "बोट फार पिते" एवढंच असतं. किती पिते, कोणत्या वेगाला पिते, याचा पत्ता नसतो. तुमचे आकडे खरे वाटतात का, ते मी पडताळून पाहिलं. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल जाळतं. एक गॅलन पेट्रोल भरतं ६.१ पौंड. म्हणजे ३६० हॉर्सपॉवरला ताशी साडेएकोणतीस गॅलन. तुमच्या वहीत २९ आहे. मीटर बरोबर आहे आणि वहीसुद्धा.

आता शनिवारच्या वादाकडे. समजा तुमच्या धक्क्यापासून चौदा मैलांवर जेवायला जायचं आहे. मिस्टरांच्या पद्धतीने, ताशी नऊ मैलांनी गेलात तर दीड तासाच्या वर लागेल आणि ८.७ गॅलन जाईल. तुमच्या पद्धतीने, २९ मैलांनी, अर्ध्या तासाच्या आत पोचाल आणि ५.८ गॅलन जाईल. थ्रॉटल पूर्ण दाबून ४७ मैलांनी सुसाट गेलात तर अठरा मिनिटांत पोचाल आणि खर्च होईल ८.६ गॅलन.

पहिला आणि शेवटचा आकडा पुन्हा वाचा, आणि मिस्टरांनाही वाचायला द्या. काटकसर म्हणून रांगत जाणं आणि पैसे उधळत सुसाट जाणं, दोन्हींत पेट्रोल जवळजवळ सारखंच. फरक एवढाच की सुसाट जाणाऱ्याची भाजी तरी गरम असते.

मिस्टर साफ चुकलेत असंही नाही. ते ताशी गॅलन बघतात, तुम्ही मैलाला गॅलन बघताय. ताशी आकडा त्यांच्या बाजूने आहे, यात शंका नाही. पण तुम्हाला तास घालवायचा नाही, चौदा मैल कापायचे आहेत. डॅशबोर्ड ताशी आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतो, आणि मैलांचा हिशेब वहीत भागाकार केल्याशिवाय दिसत नाही. वाद मुळात इथून सुरू होतो.

स्कूटरवर हे का घडत नाही? मी मूळचा पंपवाला. पुण्यात वीस वर्षं पंपांच्या डिझाइनवर काम केलं आणि मग इकडे येऊन बोटींच्या नादी लागलो. त्यामुळे जेट बोट मला बोट वाटतच नाही. तो पंप आहे, आपण त्यावर बसलेलो असतो. तळाला जाळी, जाळीतून पाणी आत, इंजिनाच्या दांड्यावर थेट बसवलेला इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, ते पाणी फिरवतो, मागची स्थिर पाती त्याचा पीळ काढून ते सरळ करतात, आणि अरुंद नॉझलमधून ते जोरात मागे फेकलं जातं. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरल्यावर नळी हाताला मागे ढकलते. तोच जोर.

पंपवाल्यांना झोपेतून उठवलं तरी तीन गोष्टी सांगता येतात: फेरे वाढले की पाणी त्याच प्रमाणात वाढतं, दाब फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. आरपीएम दहा टक्के वाढवा, ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की पंपाला बोट किती वेगाने चालली आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. ६,००० फेरे म्हणजे ६,००० फेऱ्यांचं पेट्रोल. बोटीत तुम्ही दोघंच असा की आठ पाहुणे, तळ स्वच्छ असो की शेवाळलेला, ताशी बारा गॅलन ते बारा गॅलन. त्या बारा गॅलनांच्या बदल्यात किती मैल पदरात पडतात, तेवढंच बदलतं. पंख्याच्या, म्हणजे पाण्याखाली प्रोपेलर फिरवून चालणाऱ्या बोटीत असं नसतं. तिच्यावर ओझं वाढलं की त्याच थ्रॉटलला फेरे खाली येतात, इंजिन कण्हायला लागतं आणि चालवणाऱ्याला लगेच कळतं. जेटमध्ये इंजिन कुरकुर करत नाही. ते आपल्या सुरात गात राहतं आणि मैल गुपचूप कमी होतात.

जेटला हळू चालणं का मानवत नाही याचं एक सोपं गणित आहे. मागे फेकलेल्या पाण्याचा वेग बोटीच्या वेगाच्या दुप्पट असेल तर आदर्श स्थितीत पाण्याला दिलेल्या ताकदीपैकी ६७ टक्के बोट ढकलायला उपयोगी पडते. तोच चौपट असेल तर ४० टक्के. बाकीची ताकद मागच्या पाण्यात भोवरे करण्यात जाते. बोट रांगत असते तेव्हा फवारा तिच्या कित्येक पट वेगाने मागे जात असतो. वाळूत धावणाऱ्या माणसासारखं होतं. पाय जोरात मारतो, वाळू मागे उडते, अंतर काही कापलं जात नाही. पंखा भरपूर पाणी हळूच मागे ढकलतो, जेट थोडं पाणी जोरात फेकतो. म्हणून मध्यम वेगाला शेजाऱ्यांची आउटबोर्ड तुमच्यापेक्षा काटकसरी आहे, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. वेग खूप वाढला की ही दरी कमी होते, कारण जेट बोटीच्या तळाखाली पाण्यात ओढत न्यायला पंख्याचं धूडच नसतं.

त्यात भर पडते बोटीच्या स्वतःच्या लाटेची. प्रत्येक बोट पुढे एक लाट उठवते आणि मागे एक. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, आणि आला तो वेग नॉटमध्ये. तुमच्या बोटीची पाण्यातली लांबी वीसेक फूट धरली तर हा आकडा सहा नॉट, म्हणजे ताशी सुमारे सात मैल. या वेगापर्यंत बोट पाण्यातून निमूट जाते. त्यापुढे ती आपणच उठवलेल्या लाटेची चढण चढायला लागते. नाक वर, शेपूट खोल. पुरेसा जोर मिळाला की ती चढण ओलांडून पाण्याच्या वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत जायला लागते. बोटवाले त्याला प्लेनवर येणं म्हणतात. मिस्टरांचे नऊ मैल म्हणजे नेमकी या चढणीची मधली पायरी. कात्रजचा घाट पहिल्या गिअरमध्ये, तोही आयुष्यभर, वर कधी न पोचता.

आणि मागची ती "ही मोठी लाट" तुमचंच पेट्रोल आहे बरं का. पाणी उचलायला लागलेली सगळी ताकद तुमच्या टाकीतून गेलेली असते. शिवाय ती लाट लोकांच्या धक्क्यांवर आपटते, बांधलेल्या बोटी एकमेकींवर आदळतात, आणि आपल्या लाटेने झालेल्या नुकसानीला आपण जबाबदार असतो. रांगणं सभ्यपणाचं दिसतं, पण तळ्यावर त्याच्याइतका उपद्रवी वेग दुसरा नाही.

तेव्हा दोनच वेग ठेवा. एक, रमतगमत, २,००० च्या आसपास, ताशी पाच मैल. तुमच्या वहीप्रमाणे यात गॅलनला पावणेतीन मैल मिळतात, सगळ्यांत जास्त. सूर्यास्त बघायचा असेल, सासूबाईंना किनाऱ्यावरची घरं दाखवायची असतील तर याच्याइतकं स्वस्त काही नाही, आणि इथे मिस्टर शंभर टक्के बरोबर आहेत. धक्क्यांपासून, पोहणाऱ्यांपासून, दुसऱ्या बोटींपासून शंभर फुटांच्या आत जॉर्जियाचा कायदाच तुम्हाला असं अगदी हळू जायला लावतो, तेव्हा तिथे तसंही दुसरं काही करता येणार नाही. दुसरा वेग ६,००० च्या जवळचा. गॅलनला २.४ मैल. मधलं सगळं ओलांडायचं, तिथे मुक्काम करायचा नाही.

पण ६,००० हा आकडा देवाने दिलेला नाही. तुमच्या वहीत ५,००० आणि ६,००० च्या मध्ये मोठी मोकळी जागा आहे, आणि खरं गुपित तिथे दडलेलं असतं. एका सकाळी, वारा पडलेला असताना, ५,४०० पासून २०० च्या पायऱ्यांनी ६,४०० पर्यंत जा. प्रत्येक पायरीवर एक मिनिट स्थिर राहा, फोनच्या जीपीएसवरचा वेग टिपा, मग वळून उलट दिशेने तेच करा आणि दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे वाऱ्याचा परिणाम वजा होतो. वेग भागिले ताशी गॅलन. कुठेतरी आकडा वर चढेल आणि मग उतरायला लागेल. ते शिखर तुमच्या बोटीचं. बहुतेकदा ते बोट नीट उचलली गेल्यानंतर थोडं पुढे सापडतं, जिथे थ्रॉटल किंचित सैल सोडला तरी ती खाली बसत नाही. बोटीत क्रूझची, म्हणजे वेग एकसारखा धरून ठेवायची, सोय असेल तर तिथेच बांधून टाका. माणसाचा हात नकळत पुढे सरकतो, आणि फेऱ्यांचा घन माफ करत नाही.

आठ पाहुणे घेऊन पुन्हा एकदा हेच करा. शिखर वर सरकलेलं दिसेल, कारण भरलेल्या बोटीला उचलायलाच जास्त फेरे लागतात. भरलेल्या बोटीत रिकाम्या बोटीचा आकडा धरून बसलात तर पुन्हा घाटात अडकाल. उचलली जाताना एकदोन माणसं पुढे सरकली तर चढण लवकर संपते. त्या दृष्टीने सासूबाई पुढे बसतात ते तुमच्या पथ्यावरच पडलंय. पण लाटा असतील तेव्हा त्यांना मागे बसवा. पुढचा भाग उडतो तेव्हा म्हाताऱ्या पाठीला तो दणका सोसत नाही.

जुलैत काय झालं

हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यांत आवडलेला भाग. फेरे तेच, पेट्रोल तेच, वेग चार मैलांनी कमी. एवढ्यावरून निदान अर्धं होतं. पूर्ण थ्रॉटलला इंजिनं अजून ७,६०० गाठतात का, ते एकदा बघून घ्या. गाठत असतील तर इंजिनांना हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. पंप आपलं पेट्रोल नेहमीसारखं खातोय. बोट जड झाली आहे, किंवा पंप पाणी नीट पकडत नाहीये.

आधी तळ. तुमची बोट धक्क्यालाच पाण्यात असते की ट्रेलरवर, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण जुलैपासून म्हणताय त्यावरून मला वाटतं पाण्यातच. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तळावर बुळबुळीत थर धरायला दोन आठवडे पुरतात. बोट बाहेर काढा आणि तळावरून हात फिरवा. डोळ्यांनी स्वच्छ दिसला तरी हाताला कळतो. त्याच वेळी बोटीच्या पोटात पाणी साचलंय का ते पाहा. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. तीस गॅलन साचलं तर अडीचशे पौंड तुम्ही फुकट फिरवताय, आणि ते सगळं पाणी मागे जमतं, म्हणजे बोट शेपटावर आणखी बसते.

मग जाळी. खाली वाकून, टॉर्चने, दोन्ही जाळ्या. गवत, प्लॅस्टिकची पिशवी, दोरीचा तुकडा. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. एका हंगामात माझ्या उजव्या पंपाचा सूर बदलला. मी बोट एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने आठवडाभर ठेवली, इंजिनाचे स्पार्क प्लग बदलले, फिल्टर बदलले, साडेसहाशे डॉलर घेतले, आणि बोट तशीच परत आली. घरी येऊन मी मागच्या फळीखालचं झाकण उघडलं, इम्पेलरपर्यंत हात घातला, तर मुलांच्या ट्यूबची दोरी पात्यांभोवती जानव्यासारखी गुंडाळलेली. पंप आहे हे एकदा मनात बसलं की आपण आधी पंपाचं तोंड बघतो, इंजिनाचं नाही. तुमच्या बोटीला असं झाकण असेल तर हात घालण्याआधी दोन्ही इंजिनं बंद आणि किल्ली किंवा सुरक्षादोरी तुमच्या खिशात, कुणा लहान मुलाच्या हातात नाही.

जाळी साफ निघाली तर इम्पेलरच्या कडा बघा. पात्याचं टोक आणि त्याभोवतीची कडी यांच्यातली फट फार बारीक असते, आणि ती वाढली की पाणी पुढे जाण्याऐवजी मागे गळतं. वाळू, बारीक खडे ओढले गेले की कडा बोथट होतात, कधी खळगे पडतात. लनिअरचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की लोक बोट किनाऱ्याला टेकवून तिथूनच इंजिन सुरू करतात. पंप खालची वाळू उपसून घेतो. तीन फुटांपेक्षा कमी पाण्यात इंजिन सुरू करू नका, वल्हं मारा किंवा ढकला. थ्रॉटल वाढवताना फेरे एकदम उसळत असतील आणि बोट मागून ओढल्यासारखी येत असेल, तर पंपात हवा शिरते आहे किंवा पात्यांवर पाण्याचे बुडबुडे फुटताहेत, आणि कारण बहुतेक याच कडांमध्ये सापडेल.

खर्चाच्या क्रमाने बघा: तळ धुणं फुकट, जाळी फुकट, पोटातलं पाणी फुकट, इम्पेलर मात्र पैशांचा. चार मैल मागे पडणं म्हणजे तुमच्याच आकड्यांत गॅलनला २.४ वरून २.१ मैल. फुकटच्या गोष्टींत ते परत मिळण्याची शक्यता बरीच आहे.

तासांचा खर्च

२९० गॅलन भागिले ३८ तास, ताशी साडेसात गॅलन. नुसतं फिरणाऱ्यांचा हा आकडा नाही. यात बराच वेळ इंजिनं चालू ठेवून थांबणं आहे, असा मला दाट संशय आहे. मुलं पोहतात, आपण गप्पा मारतो, इंजिन चालूच. जेट बोटीत न्यूट्रल हा प्रकार नावापुरता असतो. इम्पेलर इंजिनाला थेट जोडलेला, त्यामुळे इंजिन सुरू झाल्यापासून तो फिरतोच. नॉझलमागचं बादलीसारखं झाकण अर्धं खाली येऊन पाणी अडवते म्हणून बोट जागेवर थांबल्यासारखी वाटते, एवढंच. जाळी तेव्हाही पाणी ओढत असते, आणि पाण्याबरोबर मोकळे केस, दोऱ्या, पोहण्याच्या कपड्यांचे बंद. शिवाय धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो नेमका मागच्या फळीजवळ जमतो, जिथे मुलं लोंबकळत असतात. पाण्यात कुणी असेल तर इंजिनं बंद, याला अपवाद नाही. पेट्रोल वाचतं ते वर.

अगदी हळू जायच्या टापूत एकच इंजिन चालवलं तर थोडं आणखी वाचतं. पण पाच मैलांच्या वर तसं जाऊ नका. बंद इंजिनाच्या पंपातून पाणी ढकललं गेलं तर ते थंड करण्याच्या नळीतून इंजिनात शिरू शकतं. बंद जेट स्की ओढून नेताना हीच भीती असते. त्याआधी बोटीसोबतचं पुस्तक उघडून बघा, तुमच्या मॉडेलला ते काय सांगतं. आणि मिस्टरांना हे जरूर सांगा की जेट बोटीचं सुकाणू म्हणजे तो फवाराच. पेट्रोल वाचवायला ऐन वळणावर थ्रॉटल सोडला की बोट वळायचंही सोडते. धक्क्याजवळ बऱ्याच नवशिक्यांचा घात यानेच होतो.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. इथे पंपावर मिळतं त्यात साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. त्याने ऊर्जा तीनेक टक्क्यांनी कमी मिळते, ते चालतं. पण रस्त्यावरच्या पंपांवर हल्ली पंधरा टक्केवालं, थोडं स्वस्त पेट्रोलही असतं. ते बोटीत भरायला कायद्याने बंदी आहे. कॅन घेऊन रस्त्यावरून भरत असाल तर पंपावरची चिठ्ठी वाचा. टाकी दर वेळी काठोकाठ भरायची गरज नाही. ५० गॅलन म्हणजे ३०५ पौंड, दोन धष्टपुष्ट पाहुण्यांइतकं वजन. पण एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक, हा नियम मात्र मोडू नका. बोट नाक वर करून चालते तेव्हा टाकीचा काटा खोटं बोलतो, म्हणून शिल्लक मोजायची ती वहीतून.

विकावी का

जेट बोट पेट्रोल वाचवायला जन्मलीच नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बिल हॅमिल्टन नावाचा एक मेंढपाळ-इंजिनिअर होता. त्याच्या भागातल्या नद्या वेगवान, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. पंख्याची बोट तिथे दहा मिनिटांत पाती मोडून घेई. १९५० च्या दशकात त्याने फवारा पाण्याखाली सोडण्याऐवजी पाण्याच्या वर, हवेत सोडला, आणि बोट एकदम पळायला लागली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी असल्याच जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या उलट प्रवाहाने निघाले आणि नंदप्रयागच्या जवळ एका धबधब्याने अडवेपर्यंत वर चढत गेले. पंख्याच्या बोटीने हे जमलं नसतं. तिथे कुणी गॅलनला मैल विचारले नाहीत.

लनिअर खोल आहे, तिथे गोटे नाहीत. मग तुम्हाला जेटचा उपयोग काय? मुलं मागच्या फळीवरून उड्या मारतात आणि खाली उघडा पंखा फिरत नसतो, हा. उथळ खाडीत शिरता येतं, हा. याचं मोल तुमच्या घरात किती, ते तुम्ही ठरवायचं. माझ्या घरात, मुलं लहान असताना, फार होतं.

तुमच्या भाषेत मांडायचं तर असं. आतापर्यंतचं पेट्रोल २९० गॅलन, १,४५० डॉलर. आउटबोर्डने एक तृतीयांश वाचलं असं धरा, हंगामाला साधारण ४८० डॉलर. बोट विकण्यात आणि दुसरी घेण्यात जी घट सोसावी लागेल ती भरून यायला किती हंगाम लागतील, हा भागाकार तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. आणि नऊ मैलांचं रांगणं सोडून, तळ धुऊन, पोहताना इंजिनं बंद ठेवून त्यातलं बरंचसं याच बोटीत वाचेल. मी तुमच्या जागी असतो तर या हंगामात विकली नसती. तुम्ही वर्षाला दोनशे तास, लांबलांबच्या पल्ल्यांनी फिरत असतात तर मात्र उत्तर वेगळं दिलं असतं.

राहिलं छत. पाच मैलांना पसरलेलंच ठेवा, सासूबाईंना ऊन लागणार नाही. २९ ला ते शिडासारखं उलटं काम करतं, तेव्हा निघण्याआधी दुमडून पट्ट्याने बांधा. किती फरक पडतो ते वहीतच सापडेल. एका सकाळी छत उघडून आणि एकदा मिटून, त्याच ६,००० ला, जाताना आणि येताना.